ढोलीतलं सिमेंट

आबा, तुम्ही तेव्हा ऐकलं नाहीत आणि आताही ऐकणार नाही, पण मी बोलणारच. भिंतीचं भोक बुजवावं तसं झाडाचं बुजवायचं नसतं. देवळासमोरच्या आंब्याच्या ढोलीत तुम्ही विटांचे तुकडे कोंबलेत, वरून सिमेंट लावून थापीनं असं गुळगुळीत केलंत की अर्धं गाव बघायला आलं. गवंडीच तुम्ही, काम म्हणून झकासच होतं ते. मी म्हणालो, आत पाणी मुरेल. तुम्ही म्हणालात, "सातवीतनं शाळा सोडलेला मला शिकवतोय!" पुढं आंबा आडवा झाला आणि तुम्ही वाऱ्याला शिव्या घातल्यात. त्यावरून आपण जेवताना भांडलो, बाजारात भांडलो, आणि शेवटचं भांडण अर्धं टाकून तुम्ही गेलात. उरलेलं मी इथून, बेंगळुरूहून, पुरं करतोय.

इथं मी झाडं उतरवणाऱ्या टोळीत आहे. याचे पाय कुठं ठरत नाहीत, म्हणायचात ना तुम्ही? फांदीवर ठरतात. तर, या उन्हाळ्यात बसवनगुडीतल्या एका घरी करंज पाडायला गेलो. मालकीणबाई म्हातारी, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. आपल्याच भाषेच्या, पण घराणं कधीचं इथलं, बोलण्यात अर्धं कानडी. त्यांच्या करंजाच्या पोटात बघतो तर सिमेंट! तुम्हीच येऊन गेल्यासारखं. कडेला फट, फटीतून काळं पाणी झिरपतंय. मुकादम म्हणाला, पोकळ आहे, लाव करवत. मी आधी वर चढलो. शेंड्यापर्यंत पालवी. खाली ढोलीच्या कडेनं नवं लाकूड जाड ओठासारखं आत वळत आलेलं. झाड आपली जखम आपणच मिटवत होतं, मध्ये सिमेंट आडवं.

"अक्का, हे उभं राहील," मी म्हणालो.

मुकादम हसला. "ए मराठा, ते पडलं तर तुझी नोकरीपण पडली म्हणून समज."

अक्कांनी मान वर करून करंज शेंड्यापर्यंत न्याहाळला. मग म्हणाल्या, "सरी, बरं, ठेवू. पण माझ्या छपरावर आलं ना, तर खांब म्हणून तुलाच तिथं उभा करीन!"

आधी फांद्या छाटून वरचा भार हलका केला. मग सिमेंट काढायला बसलो. घण घातला असता तर लाकूड चिरलं असतं. छिन्नी तिरकी, ठोका हलका, मनगट सैल. हे मला टोळीत कुणी शिकवलेलं नाही, आबा. शेवटची वीट निघाली तसं तुंबलेलं पाणी भळाभळा बाहेर आलं, आणि आतलं लाकूड कडेनं टणक लागलं, खणखणीत.

नंतर एका दुपारी वादळ आलं. मी जयनगरला कामावर होतो, तसाच पळत सुटलो. वाटेत एक गुलमोहर रिक्षावर पडलेला. अक्कांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर करंज कमरेतून डोलतोय, करकरतोय, आणि मी भिजत बघतोय. पाऊस थांबला. अक्कांनी खिडकी उघडून आरोळी ठोकली, "निंतिदे रे, उभा आहे तुझा करंज!" मी भर रस्त्यात नाचलो, आबा. लोक बघत होते, बघू देत.

आता मुकादम पोकळ झाड दिसलं की आधी मला वर चढवतो. त्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायला आलीय. संध्याकाळी दोघं तोंड बाहेर काढून बसतात. अक्का म्हणतात, भाडं न देणारे भाडेकरू.

तर जिंकलो मी. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि आईला फोनवर वाचून दाखवलं तर ती तुमचीच बाजू घेणार. म्हणून घडी घालून खिशातच ठेवतोय. एवढं मात्र खरं, की हरायला समोर तुम्ही हवे होतात. करंज वाचवल्याबद्दल अक्कांनी वरचे पैसे दिले, तेही धरून आईला या महिन्याला सहा हजार पाठवतोय.