दुहेरी टीप

मेंदरडा,
ता. २७ एप्रिल २००३

ती. मोटीबेन,
लाभुचे जय श्रीकृष्ण आणि शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, समन्सच ते. घरात फोन असताना ही बाई पत्रं कसली लिहीत बसते, असं पुन्हा विचारलंयस. अगं, फोन ओसरीवर, झोपाळ्याशेजारी, आणि झोपाळ्यावर बापूजी. सासऱ्यांसमोर मी तोंड उघडत नाही हे तुला काय नवीन सांगायचं? आमच्याकडे लाज पाळायची म्हणजे नुसता पदर ओढून भागत नाही, आवाजही झाकावा लागतो. लग्नाला बावीस वर्षं झाली. अल्पावर ओरडताना माझा आवाज ओसरीपर्यंत गेला असेल तेवढाच बापूजींच्या ओळखीचा.

तरी घर चालत आलं. फाटकाशी बापूजी खाकरतात की मी पदर सारखा करते. त्यांनी चहा हवा म्हणून सांगितलं की माझ्या बांगड्या एकदा वाजायच्या, म्हणजे हो. दोनदा वाजल्या की दूध संपलंय. अल्पाचे वडील गेले, बांगड्या गेल्या, तेव्हापासून मी पातेल्यावर पळी वाजवते. बाकी सगळं अल्पाच्या तोंडून. बापूजी तिला म्हणतात, तुझ्या आईला सांग, आज डाळ झकास झालीय. मी दोन हातांवर उभी असते, सगळं ऐकलेलं असतं, तरी अल्पा वळून मला सांगेपर्यंत थांबते. मग कुठे आनंद होतो.

आता ऐक. अल्पाला जामनगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पंधरा जूनला जायची. पेढे वाटले, सगळं केलं, पण त्या दिवसापासून मी जूनपर्यंतचे दिवस मोजतेय. बा, माझ्या सासूबाई, तर केव्हाच गेल्या. आता चूल माझी, झोपाळा त्यांचा, आणि मध्ये निरोप न्यायला कुणी नाही. तू कायमची सुरतेला ये म्हणतेस, आणि खरं सांगते, मन होतं. पण त्यांना एकटं टाकवत नाही. आणि मी इथे त्यांना हवी आहे की नुसती अडचण झालेय, हेही मला ठाऊक नाही. हे विचारावं तरी कसं? असलं काही लेकीच्या तोंडून विचारतात का?

बरं, एक गंमत. जायच्या आधी अल्पाला समुद्र बघायचाय म्हणून बापूजींनी दीवची सहल ठरवली आहे. खरं कारण वेगळं आहे. पेपरात फोटो आला होता, होडीमागे दोरी बांधून कापडाखाली माणूस आकाशात लोंबकळतोय. बापूजी तासभर भिंग लावून तो फोटो बघत होते. पन्नास वर्षं शिलाईचं मशीन चालवलं, म्हणाले, पण माणूस उचलणारं कापड हाती आलं नाही. त्याला टीप कसली घालतात ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

जिजाजींना नमस्कार. तुझ्या रागावण्यात माया असते, म्हणून तो राग असाच राहू दे.

तुझी,
लाभु

*

सुरत,
ता. ४ मे २००३

चि. लाभुस,
रंभाबेनचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र जिजाजींना वाचून दाखवलं. दूध संपल्याच्या दोन बांगड्यांना ते हसायला लागले, आणि पुढे बांगड्या गेल्याचं आलं तेव्हा चष्मा पुसत आत गेले. मला मात्र हसू आलं नाही. तुझं वय त्रेचाळीस. उरलेलं आयुष्य पळी वाजवत काढणार आहेस का? उद्या तू जिन्यावरून पडलीस तर कुठलं पातेलं वाजवशील?

तुझे सासरे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. तुझ्या लग्नात त्यांनी हुंड्याचं ताट परत केलं होतं, ते मी विसरलेली नाही. तुझे ब्लाउज बावीस वर्षं त्यांनीच शिवले, तेही माप न घेता, जुन्या ब्लाउजवरून, आणि कधी काखेत ओढला नाही म्हणतेस. माणूस कसबी आहे. पण कसबी माणसाशी बोलता आलं नाही तर त्याच्या घरात राहायचं कसं? इथे मागची खोली रिकामी आहे. खाली बायका जरीकाम करतात, तुझा हात चालतो. माझ्याशी रोज भांडायला मिळेल ते वेगळं.

तुला विचारायला तोंड नसेल तर मला आहे. मी सरळ तुझ्या सासऱ्यांनाच लिहिते की लाभुला आमच्याकडे पाठवा. ते काय म्हणतात ते बघू. दीवला जा, समुद्राचं पाणी पायाला लावून ये, थेपले जास्त ने, आणि त्या आकाशातल्या फंदात पडू नकोस. तुला शाळेत झोका दिला तरी रडायचीस.

इथे सगळी खुशाल. तुझी वाट बघण्याचा मला कंटाळा येत नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
मोटीबेन

*

मेंदरडा,
ता. १९ मे २००३

ती. मोटीबेन,
लाभुचे जय श्रीकृष्ण.

वि. वि. मी पडले त्या फंदात. आता बसून वाच.

दीवला पोचलो, धर्मशाळेत सामान टाकलं आणि अल्पाने आम्हाला थेट किनाऱ्यावर नेलं. मी वाळूवर बसून थेपल्यांचा डबा सांभाळत होते. बापूजी आणि अल्पा वर जायचे असं ठरलेलं. तिथल्या माणसाने दोघांना काट्यावर उभं केलं. बापूजी एकोणपन्नास किलो, अल्पा त्रेचाळीस. तो म्हणाला, आज वारा जोरात आहे, दोघं मिळून एकशेदहा तरी हवेत, नाहीतर तुम्हाला घेऊन कापड पाकिस्तानात जाईल. आज सांजचा शेवटचा फेरा आहे, आणि उद्यापासून पावसाळ्यापुरतं बंद.  बापूजी त्या घडी घातलेल्या कापडाकडे बघत राहिले, पेढ्यांच्या दुकानासमोर पोर उभं राहतं तसे.

मग अल्पा माझ्याकडे बघायला लागली. मी ओळखलं आणि डबा घट्ट धरला. ती म्हणाली, मम्मी, तू एकटी एकाहत्तर आहेस. हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की अख्ख्या किनाऱ्याला माझं वजन कळलं. मी मान हलवून नाही म्हटलं. सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून वहू आकाशात, हे कुठल्या तोंडाने? तेवढ्यात बापूजी तिला म्हणाले, राहू दे बेटा, तुझ्या आईला संकोच होईल, कापड काय, खालूनही दिसतं. आणि ते परत फिरले. त्यांची ती पाठ बघितली मोटीबेन, आणि मला राहवलं नाही. मी उठले आणि काट्यावर जाऊन उभी राहिले.

होडीत त्यांनी आम्हाला जाकिटं चढवली. माझा पदर त्या माणसाने पट्ट्याखाली पक्का खोचून टाकला, वाऱ्यात अडकेल म्हणून. आता तोंड झाकायला काही उरलं नाही. बापूजी डाव्या हाताला, वीतभर अंतरावर. मग मला सुचलं ते केलं. डोळे गच्च मिटून घेतले. पदर नाही तर नाही, मी बघितलं नाही म्हणजे लाज राहिली. हसू नकोस. तुलाही हेच सुचलं असतं.

कापड फडफडलं आणि बूड सुटलं. मला बा आठवली, आपली, माहेरची. वर गेल्यावर मात्र एकदम शांत. होडीचा आवाजसुद्धा नाही. मी मिटलेल्या डोळ्यांनीच श्रीकृष्णाचं नाव घेत होते. तेवढ्यात शेजारून बापूजींचा आवाज आला. आधी खाकरले. एवढ्या उंचावर! मग म्हणाले, वहू, मी डोळे मिटलेत. तू उघड. बघून घे, पोरी.

बावीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, आणि पोरी म्हणाले.

मी आधी एक डोळा उघडला. त्यांनी खरंच मिटले होते, लहान मुलाला औषध पाजताना ते मिटतं तसे. हाताने खांद्यावरच्या पट्ट्याची शिवण चाचपत होते. मग मी दोन्ही उघडले. समुद्र काय सांगू तुला. पण आधी मी वर बघितलं, कापडाकडे. वाटलं, ज्यासाठी हा माणूस आला ते कुणीतरी बघायला हवं. सगळं नीट बघून घेतलं, जोड कुठे आहेत, दोऱ्या कुठे ओवल्यात. शिंप्याच्या घरात बावीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं.

आणि मला म्हणायचं होतं, बापूजी, आता मी मिटते, तुम्ही बघा. एवढं एकच वाक्य. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. वर पातेलंही नव्हतं वाजवायला. खाली उतरलो. अल्पाने विचारलं तर बापूजी म्हणाले, मजा आली. त्यांनी काहीच बघितलं नाही हे फक्त मला ठाऊक. रात्रभर मी स्वतःला दोष दिला. अल्पाकरवी कळवता आलं असतं, पण हे तिच्याकडे द्यावंसं वाटलं नाही.

तू बरोबर आहेस मोटीबेन. आकाशात ज्या बाईचं तोंड उघडलं नाही तिचं घरात काय उघडणार. अल्पा गेली की पंधरवड्यात मी येते. खोली झाडून ठेव. तू मला सांभाळशील, तेवढाच भरवसा.

तुझी,
लाभु

*

सुरत,
ता. २६ मे २००३

चि. लाभुस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही. जिजाजी म्हणतात, असा सासरा असेल तर मीच मेंदरड्याला जाऊन राहतो.

खोली झाडली. तीस जूनचं तिकीट काढायला जिजाजी जाणार आहेत. तुझ्या सासऱ्यांना कालच पत्र टाकलं, मानाने लिहिलंय, काळजी करू नकोस. एकच विचारते. ते जे तू वर बघितलंस, ते अजून तुझ्यापाशीच आहे ना? ज्याचं त्याला देऊन ये. नाहीतर इथे येऊन माझ्यासमोर उसासे टाकशील, आणि मला उसासे ऐकवत नाहीत.

अल्पाला पेन पाठवते आहे, तिला म्हणावं पहिलं पत्र मावशीला.

तुझी वाट बघणारी,
मोटीबेन

*

मेंदरडा,
ता. २० जून २००३

चि. सौ. रंभाबेन,
परसोत्तम दरजीचे जय श्रीकृष्ण. जमाईराजांना सप्रेम नमस्कार.

वि. वि. आपलं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, माफी असावी. काय लिहावं ते सुचत नव्हतं. मला कापड कापता येतं, अक्षर जेमतेम.

आपण लिहिलंत की लाभुवहूला आपल्याकडे कायमचं पाठवावं. रास्त आहे. मी तिला अडवणारा कोण? माझा मुलगा गेला तेव्हाच ती जाऊ शकली असती. ती का राहिली हे मी तीन वर्षं मनात विचारतो आहे, आणि विचारायला तोंड नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याची दया येऊन राहिली असेल. दयेवर कुणाला बांधून ठेवू नये.

रविवारी अल्पाला जामनगरच्या गाडीत बसवून आलो. घरी फाटकाशी खाकरलो आणि आपलंच मला हसू आलं. सोमवारी दिवसभर घरात खोकला आणि पळी, दुसरा आवाज नाही. मंगळवारी सांजेला मी झोपाळ्यावर बसलो होतो. समोर कुणी नव्हतं, तरी बोललो. म्हटलं, दीवच्या त्या कापडाला टीप एकेरी होती की दुहेरी, कोण जाणे. मी काही मुद्दाम विचारलं नव्हतं. तेच डोक्यात होतं, म्हणून तोंडातून गेलं.

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.  मला वाटलं, पळी वाजेल. एकदा वाजली तर काय समजायचं आणि दोनदा वाजली तर काय, याचाच मी विचार करत होतो.

मग आतून आवाज आला, की दुहेरी होती बापूजी, आणि प्रत्येक जोडावर आडवा धागा होता.

रंभाबेन, मी पंचाहत्तरीला आलो. मुलगा गेला तेव्हा लोकांसमोर रडलो नाही. त्या सांजेला झोपाळ्यावर बसून रडलो. मग नाक पुसून विचारलं, धागा कुठल्या रंगाचा? ती म्हणाली, कापड लाल-पिवळं आणि धागा पांढरा, त्यामुळे लांबून दिसत होता. मी म्हटलं, पांढरा घालायला नको होता. ती म्हणाली, मलाही तेच वाटलं.

तेव्हापासून रोज सांजेला ती उंबऱ्याच्या आत बसते, मी झोपाळा भिंतीकडे फिरवून बसतो. लाज आहे तशी आहे, तिला कुणी धक्का लावलेला नाही. ती मला वरून काय काय दिसलं ते सांगते. पण एकदम सांगत नाही, पक्की आहे. मंगळवारी कापड झालं. बुधवारी होड्या, वरून त्या तिला सुपारीच्या फोडींएवढ्या दिसल्या म्हणे. काल पाण्याचे रंग झाले, तीन सांगितले, चौथ्याला तिला नाव सापडेना, म्हणून आम्ही माझ्या चिंध्यांच्या पेटीत तसा तुकडा शोधला. सापडला. ती उठून पेटीपाशी आली होती, मी मागे बघितलं नाही.

आज तिला मी विचारलं, रंभाबेनला काय लिहू? ती म्हणाली, लिहा की तिकीट परत करा, पण जिजाजींना राग आला तर मीच येऊन त्यांची समजूत काढेन. राखी पौर्णिमेला महिनाभर पाठवतो. तिला माहेर हवंच, आणि तुमच्याशी भांडणंही हवीत. पण आत्ता नाही. अजून किल्ला सांगायचा राहिलाय, दीपस्तंभ राहिलाय, किनाऱ्यावरचे लोक राहिलेत. आम्ही दोघं अजून खाली उतरलेलो नाही.

आपण मोठ्या मनाने समजून घ्याल. मला आपला वडीलधारा समजून माया ठेवा, आणि लाभुवहूवर आहे तेवढीच राहू द्या, त्यात भर घालायचं काम आता मी करेन.

आपला,
परसोत्तम दरजी

ता. क. हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी मी वहूला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, होड्या सुपारीच्या फोडींएवढ्या नव्हत्या, वेलदोड्याएवढ्या होत्या. दुरुस्ती करून घ्यावी.