चुनकळी आणि मधली खुंटी

कारखान्याची लॅबोरेटरी, यवतजवळ, ता. दौंड
मार्च १९६१, गुरुवार, दुपार

आदरणीय खुर्शिदमामू यांना भाचा आणि जावई बद्रुद्दीनचा अदबीनं सलाम.

मुमानींना सलाम, शेजारच्या साखरबाईंना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? इकडे मी खुशाल, तुमची लेक हसीना खुशाल, आणि तिचा भाऊ, आपला इलाही, तर इतका खुशाल की परवा त्यानं टोपली रिकामी केली आणि बहिणीला माझ्यासाठी भाकरी पुन्हा थापाव्या लागल्या. (हे एवढं सविस्तर लिहितोय, कारण मागं एकदा मी घाईत 'छत्री ताबडतोब पाठवा' एवढंच कार्ड टाकलं, आणि सलाम नसलेलं कार्ड म्हणजे मयताचंच असं धरून मुमानींनी तळेगाव ढमढेऱ्याची अर्धी गल्ली गोळा केली होती. साखरबाई रडत यवतला आल्या, त्याही छत्री न घेता.) तेव्हा मजकुराकडं बेतानं येतो. तुम्हीही पत्र नेहमीसारखं मुमानींना मोठ्यानं वाचून दाखवा. फक्त 'ताजा कलम' हे शब्द दिसले की थांबा, आणि चष्मा पुसायला घ्या.

उद्या दहाच्या सुमारास आमच्या नव्या साखर कारखान्यात चुन्याच्या टाकीची चाचणी आहे. उसाचा रस स्वच्छ करायला चुना लागतो, आणि तो भट्टीतल्या ताज्या चुनकळीचा इथंच विझवायचा. चुनकळी पाण्यात पडली की पाणी तापतं हे पान खाणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण पाणी कमी पडलं तर टाकी दुधासारखी उतू जाते, आणि हे दूध ज्याच्या तोंडावर उडेल त्याचे डोळे गेलेच म्हणून समजा. टाकीच्या फळीवर एक माणूस उभा राहणार आहे. म्हणून पौंडभर चुनकळी विझताना किती उष्णता सोडते, हा एक आकडा बिनचूक हवा. त्यावरून पाणी ठरतं.

आकडा पुस्तकात मिळतो, आणि इथंच माझे ग्रह फिरले. तुमच्या कपाटातलं ते जाडजूड पुस्तक मी इकडं आणलंय ना, त्यात २७७ दिलेत. यंत्र विकणाऱ्यांच्या पातळ माहितीपत्रकात ४९९. आज सकाळी मी दोन्ही घेऊन संचालकांच्या मीटिंगमध्ये गेलो आणि चौकशीला मुदत मागितली. आमचे चेअरमन मारुतराव म्हणजे जन्मभर बांधाचे तंटे मिटवलेला माणूस. त्यांनी आधी पुस्तकं हातात तोलून पाहिली. मग त्यांचा बी.एस्सी. झालेला पुतण्या संपत उठला आणि आपल्या गाईडमध्येही २७७ च आहे म्हणाला. झालं, एकाला दोन साक्षीदार! (मी नंतर ते गाईड चाळलं. जाड पुस्तकात शेजारच्या ओळीत छपाईची एक चूक आहे, ती चूकसुद्धा गाईडमध्ये जशीच्या तशी उतरलीय. बापानं सांगितलेलं लेकानं पुन्हा सांगितलं तर त्याला दुसरी साक्ष म्हणायचं का, तुम्हीच सांगा.) पण यंत्रवाल्यांनाही खोटं पाडायचं नव्हतं. शेवटी मारुतराव म्हणाले, "दोघंबी शानी हायती. कुनाला दुखवू नगा. मधी खुंटी ठोका." दोन्हींच्या मधला आकडा निघाला ३८८. एकमतानं ठराव पास झाला आणि टाळ्या वाजल्या. पाणी त्या हिशेबानं टाकीत भरून नळाला कुलूपही लागलं. किल्ली चेअरमनसाहेबांच्या बंडीत आहे.

दुपारी डबा खाताना मला तुमच्या वर्गातला धडा आठवला. आकडा समोर आला की आधी तीन प्रश्न विचारायचे, हे तुम्ही छडी दाखवून शिकवलं होतं: कुणी मोजलं, कधी मोजलं, कशात मोजलं. घास हातातच राहिला. हल्ली पौंड जाऊन किलो येतोय, निम्मी पुस्तकं जुन्या मापात आहेत आणि निम्मी नव्या. किलोच्या जोडीला सेंटिग्रेड, पौंडाच्या जोडीला फॅरनहाइट, आणि सेंटिग्रेडचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे एक पूर्णांक आठ दशांश. २७७ ला तेवढ्यानं गुणलं, तर चारशे नव्व्याण्णव! मामू, भांडण नव्हतंच. एकच उष्णता एकानं किलो-सेंटिग्रेडात मोजली होती, दुसऱ्यानं पौंड-फॅरनहाइटात. दोन्ही पुस्तकं खरी होती, खोटी होती ती फक्त आमची खुंटी. आमच्या टाकीचा सगळा हिशेब पौंडात आणि फॅरनहाइटात आहे, म्हणजे हवेत ४९९ आणि आम्ही धरलेत ३८८. पाणी जवळजवळ चौथाईनं कमी पडलंय, आणि तेवढ्या पाण्यात टाकी उकळणार.

धावत जाऊन मारुतरावांना सांगितलं. त्यांना गुणाकार पटेना, म्हणून मी बादलीत प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. ताजी चुनकळी उद्याच येणार, म्हणून दिवाळीत ऑफिसला रंग देऊन उरलेलं चुनकळीचं पोतं आणलं. ते तेव्हापासून दमट खोलीत उघडं पडलेलं होतं, त्यातला चुना कधीच मेलेला होता. पण हे माझ्या ध्यानात आलं ते मागाहून. सगळे संचालक बादलीभोवती जमले. मी सगळ्यांना दहा पावलं मागं सरायला लावलं, स्वतः तोंडाला पंचा बांधला, काठीनं चुना लोटला आणि पळालो. बादली गप्प. थोड्या वेळानं मारुतरावांनी कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाले, "आवं केमिस्ट, ह्यात तर तान्हं पोर न्हाऊ घालावं!" सगळे हसले. मलाही हसावं लागलं, पण आता उद्याच्या टाकीची कुणालाच भीती उरलेली नाही.

मारुतराव मनानं वाईट नाहीत, एवढं म्हटलंच पाहिजे. सकाळी केलेला ठराव संध्याकाळच्या आत मोडता येत नाही, पण आकडे कशात मोजलेत हे त्याच पुस्तकात छापलेलं दाखवा, मी हातानं नळ उघडतो, असं ते म्हणालेत. माझ्या तोंडी हिशेबाला ते मानत नाहीत. आणि मापं कुठली धरलीत हे जिथं छापलेलं असतं, ती पुस्तकाची पहिली पानं तर गळून गेलीत. कुणी लिहिलं, कधी छापलं, काही पत्ता नाही. "बापाचं नाव न सांगनारा साक्षीदार म्या कसा उबा करू?" असं ते विचारतात.

असो. बाकी हवापाणी उत्तम आहे. मुमानींनी तब्येतीला जपावं.

तुमचा भाचा,
बद्रुद्दीन

ताजा कलम: आता चष्मा पुसा, आणि पुढचं मनातल्या मनात वाचा. ती पहिली पानं कुठं आहेत ते मला ठाऊक आहे. ईदला आलो तेव्हा मुमानींच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांखाली इंग्रजी छापील पानं अंथरलेली पाहिली होती. तेलानं पिवळी पडलीत, पण वाचता येतात. बरण्या उचला, पानं काढा आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं स्वतः घेऊन या. पत्र कंडक्टर गेणबाच्या हाती देतोय, तोच तुमची जागा धरून ठेवील. पानं नाही सापडली तरी या. मारुतराव लहानपणी तुमच्या वर्गात होते, आजही तुमचं नाव निघालं की पायातली वहाण काढून बोलतात.

दुसरा ताजा कलम: फळीवर उभा राहणारा माणूस आपला इलाही आहे. मी त्याला सगळं सांगितलं, हात जोडले. तो म्हणतो, "म्या बाजूला सरलो तर माज्या जोडीच्या म्हस्कूला उबा करत्याल. त्याला डोळं न्हाईत व्हय?" मामू, पोरगा तुमच्यासारखाच हट्टी निघालाय. मला त्याचा राग येतो, आणि रडूही येतं.

तिसरा ताजा कलम: मीही त्याच्याशेजारी फळीवर उभा राहणार आहे. लॅबोरेटरीत डोळ्यांना बांधायचा चष्मा एकच आहे, तो इलाहीला बांधीन. मुमानींनी विचारलं तर सांगा, हसीनानं उद्या जेवायला बोलावलंय. हसीनाला मी यातलं काही कळू दिलेलं नाही. फक्त उद्या एका माणसाचा स्वयंपाक जास्त कर, अब्बा येणार आहेत, एवढाच निरोप धाडलाय.