दोन पाकिटांतली किल्ली

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कुलूप, किल्ली, पासवर्ड यांतलं काहीही फोनवर बोलायचं नाही, हा तुमचा नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडलेल्या माणसाचाच फोनवर विश्वास नाही, याचं लहानपणी हसू यायचं. आज तोच नियम पाळून पत्र लिहिते आहे.

आईला झटका येऊन अडीच महिने झाले. उजवा पाय बराच सुधारलाय, हात अजून लोंबतोच. बोललेलं तिला सगळं कळतं, पण तोंडातून 'ते' आणि 'नाही' याखेरीज काही निघत नाही. दृष्टिहीन मुलांसाठी सोळा वर्षं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी बाई दोन शब्दांवर आली आहे, मामा. पाणी हवं असलं तरी ती 'ते' म्हणते आणि खिडकी उघडायची असली तरी 'ते'च. मी चुकीची वस्तू पुढे केली की मान फिरवून बसते.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा येतात. त्यांचं म्हणणं, आईला तिचाच आवाज ऐकवून त्याच्याबरोबर बोलायला लावायचं. त्या मुलांच्या शाळेकडून मी तिची रेकॉर्ड केलेली पुस्तकं आणली, पण बाईंनी ती परत दिली. पुस्तकातला आवाज नको, घरातला हवा, रोजची वाक्यं हवीत, आणि सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, असं त्यांनी बजावलंय. तो आवाज एकाच ठिकाणी आहे. वाचताना ती मध्येच खोकायची, मला हाका मारायची, गॅस बंद कर म्हणायची. ते सगळं कापून ती शाळेला साफ प्रत पाठवायची आणि कच्च्या फायली आपल्याकडे ठेवायची.

त्या फायली तुम्ही कुलूप लावलेल्या लॅपटॉपमध्ये आहेत. दुसऱ्या डिस्कवर प्रतही आहे, पण तिलाही तेच कुलूप. पासवर्ड पाच शब्दांचा, फक्त तिलाच सुचेल असा, हा तुमचाच सल्ला. आता तिच्याजवळ शब्दच नाहीत. डाव्या हाताने तिने सात वेळा प्रयत्न केला. पडद्यावर लिहून आलंय की तीन संधी उरल्यात आणि दहावी चुकली की सगळं पुसलं जाईल.

तुम्ही दोन वर्षांत इकडे फिरकला नाहीत. आई आजारी पडल्यावरही फोनच आला, तोही तीन मिनिटांचा. त्याबद्दल रागवायला पुढे सवड मिळेल. आधी हे कसं उघडायचं ते कळवा. मोठ्या भावाचा धाकट्या बहिणीवर जेवढा लोभ असायचा तेवढा या पत्राच्या उत्तरात दिसावा.

तुमची,
ढब्बू

९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. धाकटीचा पाय उचलतोय हे वाचून बरं वाटलं. माझा गुडघा जिना चढताना अजून तक्रार करतो, म्हणून येणं राहून जातं.

आता लॅपटॉपविषयी. पहिली गोष्ट, तो बाजारातल्या कुठल्याही दुकानात न्यायचा नाही. दुकानदार डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावीन म्हणेल. लावू दे, त्याला नुसता चिवडा दिसेल. ते कुलूप दाराला नाही, आतल्या प्रत्येक अक्षराला आहे. मी धाकटीला मुद्दाम जाडजूड मशीन घेऊन दिलं, ज्याची बॅटरी निघते आणि ज्याला खरे स्क्रू आहेत. हल्लीची ती पापडासारखी मशिनं बघितली की माझं डोकं फिरतं. मेमरी चिकटवलेली, बॅटरी चिकटवलेली, बिघडलं की फेका. त्यावर बोटाचा ठसा घेऊन उघडायची सोय. अगं, बोटाचा ठसा तू ज्या ज्या पेल्याला हात लावतेस त्यावर ठेवून येतेस. त्याला गुपित म्हणायचं का? आणि क्लाउड म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या घरातलं कपाट. आपण त्यात आपले कपडे ठेवायचे आणि तो उघडणार नाही असं धरून चालायचं.

धाकटीला हे पटायचं. तिचं म्हणणं होतं की वाचताना तिच्या तोंडून काय काय निघतं ते तिच्याखेरीज कुणी ऐकू नये. म्हणून मी असं कुलूप लावलं की मलाही उघडता येऊ नये. तुला आठवत असेल, मशीनने त्या दिवशी अठ्ठेचाळीस आकड्यांची एक जादा किल्ली दिली होती, पासवर्ड विसरला तर वापरायला. ती मी कागदावर उतरवली आणि तुमच्याच गॅसवर जाळली. दोघांकडे असलेली किल्ली ही किल्लीच नव्हे, असं मी म्हणालोही होतो. तू राखेसाठी बशी धरली होतीस.

तेव्हा उपाय नाही, ढब्बू. धाकटीला घाई करू नका. पासवर्ड बोटांना आठवतो, डोक्याला नाही, हे मी माझ्यावरून सांगतो. तिला कीबोर्डशी शांत बसू दे. तिला माझा नमस्कार नको सांगूस, ती माझ्याहून लहान आहे, आशीर्वाद सांग. तुमच्या घरी माझ्याबद्दल जो काही लोभ उरला असेल तो सांभाळून ठेवा.

तुझा,
मामा

१४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्यावरून आईला कीबोर्डशी शांत बसवलं. बोटांना आठवलं नाही. ती पंचवीस मिनिटं एका अक्षरावर बोट ठेवून बसली होती, मग रडली. तो आठवा प्रयत्न. नववा मी केला, तिच्या आवडत्या वाक्यांतलं एक टाकून. तेही चुकलं. आता एकच संधी उरली आहे आणि आई लॅपटॉपच्या खोलीत पाऊल टाकत नाही.

मी दिवसभर लोकांचे दात घडवते, मामा. कारागीर आहे. एक साचा फुटला तर दुसरा करता यावा म्हणून मूळ ठसा जपून ठेवावा लागतो, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. तुम्ही इतक्या हुशारीने तो ठसाच जाळलात आणि वर बशीही माझ्याच हातात दिलीत. तुमच्या पत्रात पापडासारख्या मशिनांवर सहा ओळी आहेत. आईवर किती आहेत ते मोजून बघा.

गुडघ्याचंही खरं वाटत नाही. गेल्या वर्षी तो मोतीबिंदू होता. दोन वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही आठ दिवस आमच्याकडे होतात, ती घरी यायच्या आदल्या दिवशी चिठ्ठी ठेवून निघून गेलात, आणि त्यानंतर आला नाहीत. आई वर्षभर मला विचारायची की दादाला काही बोललीस का. मी काही बोलले नव्हते. आता तिला विचारताही येत नाही, पण फोन वाजला की ती माझ्या तोंडाकडे बघते.

सोमवारी मी लॅपटॉप बाजारातल्या दुकानात देणार आहे. चिवडा तर चिवडा. नुसतं हात बांधून बसणं मला जमत नाही. रागाने लिहिलंय, तरी माया आटलेली नाही एवढं समजून घ्या.

ढब्बू

१८ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी फक्त 'थांब' म्हणालो आणि ठेवला. तू थांबलीस, उपकार झाले. आता जे लिहितो ते धाकटीला वाचून दाखव. वगळू नकोस.

त्या दिवशी गॅसवर जळाली ती माझ्या नव्या कीबोर्डची हमीपत्रिका होती. किल्लीचा कागद मी खिशात ठेवला. भाषण ठोकून झालं होतं, तू बशी घेऊन उभी होतीस, आणि ऐन वेळी माझी हिंमत झाली नाही. वाटलं, उद्या ही विसरली तर? तिथे तसं सांगून टाकलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण तुमच्यासमोर मला सगळं येतं, मी कधी डगमगत नाही, हे दाखवायची मला खोड आहे. घरी येऊन तो कागद माझ्या कीबोर्डच्या लांब पट्टीखाली सरकवला आणि तिला कधी कळू दिलं नाही.

पुढचं याहून वाईट आहे. धाकटी पित्ताशयासाठी दवाखान्यात होती, तू तिच्याजवळ होतीस आणि मी तुमच्या घरी एकटा. किल्लीचा कागद मी बरोबर घेऊन आलो होतो; मशीनचे अपडेट बघतो असं स्वतःला सांगून त्या किल्लीने ते उघडलं. एक्स्चेंजमध्ये तारेची चाचणी घेताना लोकांचं बोलणं कानावर पडायचं. आवाज आला की हेडफोन काढायचा, ही शिस्त मी एकतीस वर्षं पाळली. बहिणीच्या घरी मात्र हेडफोन कानाला लावला.

एक फाइल ऐकली. ती वाचत होती, मध्ये दाराची घंटी वाजली. वाचणं थांबवून ती म्हणाली की आला वाटतं, आता दोन तास माझं डोकं खाणार. मग दार उघडल्याचा आवाज आणि पाठोपाठ माझा आवाज. मी आल्या आल्या कुठल्याशा अँटिव्हायरसला शिव्या घालत होतो.

तेवढंच होतं गं. पण मला ते फार लागलं. आपण येतो तेव्हा ती खुशीत असते, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिला जाब विचारायचा तर मी ते ऐकलं कसं हे सांगावं लागलं असतं. म्हणून चिठ्ठी लिहून निघालो. नंतर गुडघा आणि मोतीबिंदू पुढे केले. झटक्याची बातमी आली तेव्हा पिशवी भरून बसस्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. तिच्यासमोर उभं राहायचं तोंड नव्हतं. आणि तुझं पहिलं पत्र आल्यावरही खोटंच लिहिलं. त्या खोट्यापायी तुमच्या दोन संधी गेल्या आणि ती रडली. याची मला लाज वाटते.

या पाकिटात पहिले चोवीस आकडे आहेत. उरलेले चोवीस उद्या दुसऱ्या पोस्टातून तुझ्या कामाच्या पत्त्यावर टाकतो. हसू नकोस, सवय जात नाही. उघडायचं की नाही ते तिला ठरवू दे. मला लोभ मागायचा हक्क उरलेला नाही, म्हणून ती ओळ या वेळी कोरी ठेवतो.

मामा

५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पाकिटं मिळाली. दुसऱ्यावर तुम्ही माझं नाव न लिहिता 'दात विभाग' लिहिलं होतं, त्यामुळे ते दोन दिवस भलत्याच टेबलावर पडून होतं.

तुमचं पत्र आईला शब्द न् शब्द वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रागावली. चालत त्या खोलीत गेली, लॅपटॉपचं झाकण बंदच होतं तरी त्यावर डावा हात दाबून धरला, आणि माझ्याकडे बघून तीनदा 'नाही' म्हणाली. दोन दिवस मी तो विषय काढला नाही. तिचं घरातलं बोलणं तिचं होतं, मामा. ते तुम्ही चोरून ऐकलंत, आणि तिने डोकं खाणार म्हटलं त्यापेक्षा ते कितीतरी वाईट. हे मलाही तुम्हाला एकदा लिहून सांगायचं होतं. सांगितलं, आता संपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच झाकण उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे ढकलला. मी आकडे टाकले. सहा-सहा आकड्यांच्या गटांतला सहावा गट दोनदा लिहावा लागला. आतमध्ये चारशे बारा फायली निघाल्या. वाचा-उपचाराच्या बाईंनी त्यातून लहान लहान वाक्यं निवडली. खोकला आला थांब, गॅस बंद कर, ढब्बू दार लोट. आई ऐकायची, ओठ हलवायची, पण गळ्यातून निघायचं ते 'ते'च. आठ दिवस असे गेले. बाईंनी धीर सोडला नाही, पण जिन्यात मला सांगितलं की फार आशा धरू नका.

मग ती घंटीची फाइल आली. कुठली ते मला आधी कळलं नाही. घंटी वाजली आणि रेकॉर्डिंगमधल्या आवाजाबरोबर, किंचित मागून, आई म्हणाली की आला वाटतं. बाईंनी फाइल पुन्हा लावली. दुसऱ्या वेळी तिने पुढचंही म्हटलं. 'डोकं' या शब्दावर अडखळली, पण सोडलं नाही. बारा वेळा म्हणवून घेतलं तिने स्वतःकडून. तुमचं नाव तिला अजून घेता येत नाही आणि माझंही. पण तुमच्याबद्दलची तक्रार पाठ आहे.

परवा खरी घंटी वाजली. दारात बाई होत्या. फाइल लावलेली नव्हती, मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीतून आईचा एकटीचा आवाज आला. सगळं वाक्य, शेवटपर्यंत. मी भांडं तसंच टाकून धावले. ती दाराकडे बघत होती. दारातून बाई आत आल्या तेव्हा तिचा चेहरा पडला, मामा. कुणाची वाट बघून ती ते वाक्य म्हणते हे मला तेव्हा समजलं.

तुम्ही डोकं खाता हे खरंच आहे. तिने ते तुम्हाला तोंडावरही दहादा सांगितलंय, तेव्हा तुम्ही अपडेटमध्ये गुंतलेले असायचा. ती ओळ कोरी ठेवू नका. लोभ इकडे आहे, तो न्यायला स्वतः यावं लागेल.

तुमची,
ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चष्मा पुसावा लागला, मोतीबिंदूमुळे नव्हे.

शनिवारी साडेअकरापर्यंत पोचतो. किल्लीचा मूळ कागद बरोबर आणतो आहे. आधी धाकटीने नवा पासवर्ड ठरवायचा, तिला जमेल तेवढा लहान, आणि त्याची चिठ्ठी कुणाकडे ठेवायची हे तिनेच सांगायचं. मग जुना कागद तिच्या हाती देईन. जाळायच्या आधी तिने तो नीट वाचून घ्यावा. माझ्या हातात बशी दे.

एक विनंती आहे. मी घंटी एकदाच वाजवीन. मी येणार हे तिला माहीत असलं तरी तू लगेच दार उघडू नकोस. तिचं वाक्य पुरं होऊ दे. वेळ लागला तर लागू दे, मी जिन्यात उभा राहतो.

तुम्हा दोघींचा,
मामा