हेल्मेटातला खेकडा

लाडक्या आईला, तुझ्या उनाड पोराचा लांबूनच नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जाड्या मोपेड चालवतो, मी मागे बसतो. दोघांच्या पाठीवर बोचकी, त्यामुळे चढ आला की गाडी धापा टाकते आणि मला उतरून ढकलावी लागते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळाची झाडं. सगळे म्हणतात छान आहे. असेल.

काल जाड्याच्या हेल्मेटात खेकडा ठेवला. त्याने ते घातलं आणि वाळूत असा नाचला की कोळी हातातली जाळी सोडून हसायला लागले. मी नुसता बघत राहिलो. जाड्या म्हणाला, "लेका, तूच हसणार नसशील तर मी नाचू कशाला?"

आप्पा गेल्यावर तूच म्हणालीस, जरा फिरून ये, मोकळा होशील. फोनवर रोज विचारतेस, रडलास का? नाही गं. हसूही येत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो ना, तसा मी अख्खा झालोय.

तू नीट जेवतेस ना? ताई सांगत होती, तू बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आम्ही रविवारी येतोय. मी आलो की माझ्यासमोरच रड. मला एकट्याला जमत नाहीये.

तुझा,
बारक्या