मागचे दोन अ‍ॅक्सल

प्रिय डॉक्टरकाका,

खरं तर मेसेजच करणार होते, पण माझा मेसेज पूर्ण वाचायच्या आधीच तुम्ही अंगठा पाठवता. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून हे पत्र. क्लिनिकच्या पत्त्यावर टाकतेय, कारण घरी आलेली पत्रं तुम्ही उघडतच नाही, नुसता ढीग लावता, असं आई म्हणते. आई तुमच्याबद्दल बरंच काही म्हणते. तिने मला एक प्रश्नही विचारलाय, तो तुम्हाला माहीतच आहे: तुम्ही दोघांनी लग्न केलं आणि तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, तर मला चालेल का. मी म्हटलं, बघू. त्यानंतर ती तो विषय काढत नाही आणि मीही काढत नाही. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे हे न बोलणं जरा जास्तच ऐकू येतं.

पण आधी मला ट्रकबद्दल बोलू द्या. रविवारपासून डोक्यात दुसरं काही नाही. आणि ट्रकबद्दल बोलायचं तर सुरुवात डंपरपासून करावी लागेल.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मला तुमच्याविषयी एवढंच माहीत होतं, की आईच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये पन्नाशीचे एक दातांचे डॉक्टर आहेत आणि इतका वाईट विद्यार्थी तिला आजवर मिळालेला नाही. चढावर गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा कल्ला सुरू झाला, की तुम्ही म्हणे शांतपणे तिला क्लचप्लेट कशी काम करते ते समजावून सांगता. ती म्हणायची, या माणसाला गाडीच्या पोटातलं सगळं कळतं, फक्त गाडी पुढे नेता येत नाही. त्या दिवशी तुम्ही टेस्टचे कागद द्यायला आलात आणि टेबलावर मी ठोकळ्यांचा केलेला पिवळा डंपर दिसला. आईशी चाललेलं बोलणं अर्ध्यावर सोडून तुम्ही सरळ गुडघ्यांवर बसलात आणि डंपरच्या खाली बघितलंत.

काका, माझ्या गाड्या सगळे वरून बघतात. वा, किती गोड, किती वेळ लागला गं, आणि मग हळूच, कॉलेजात गेलीस तरी ठोकळे खेळतेस का. खाली कुणीच वाकून बघत नाही. खरं सगळं तर खालीच असतं. तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत आणि विचारलंत, वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जरा जास्त वळतंय, ते मुद्दाम केलंयस का. मुद्दामच केलं होतं. त्यासाठी पुढचा भाग किती वेळा मोडून परत केला होता, ते आईलाही माहीत नव्हतं. त्या रात्री जेवताना मी तिला म्हटलं, तुझा नापास विद्यार्थी बरा आहे. ती इतकी हसली, की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग तुमचं घर बघितलं. क्लिनिकमधून काढलेलं ते जुनं कपाट, ज्या खणांत पूर्वी कवळ्यांचे साचे असायचे त्यांत आता गिअर, चाकं, पिना. दोन ठोकळे एकमेकांना घट्ट चिकटले, की तुम्ही दात तपासायची ती बारीक आकडी घेऊन बसता आणि ठोकळ्याला म्हणता, दुखलं तर हात वर कर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, त्यावर आईचं म्हणणं, यांचं भरतं आणि वर खेळण्यांनाही उरतं. पण मला सगळ्यात काय आवडलं सांगू? तुमच्या कुठल्याच गाडीवर धूळ नव्हती. कारण कुठलीच गाडी तुम्ही फार दिवस ठेवत नाही. चालली, मनासारखी चालली, की मोडून खणांत. मला ते जमत नाही. माझा डंपर अजून आहे तसा आहे.

तुमची चूक मात्र मी विसरलेले नाही. मी कॉलेजला गेले असताना तुम्ही मला सरप्राईज द्यायचं म्हणून माझे सगळे डबे टेबलावर उपडे केलेत. माझे ठोकळे रंगांप्रमाणे लावलेले होते, लहानपणापासून. तुम्ही ते आकारांप्रमाणे लावलेत. मी घरी आले तर लाल, निळा, करडा सगळा एकत्र काला, आणि तुम्ही शेजारी शाबासकीची वाट बघत उभे. मी सरळ आत गेले. आई म्हणाली, चेहरा बघ त्यांचा, उपटलेला दात चुकीचा निघाल्यासारखा झालाय. दुसऱ्या दिवशी आले तर सगळे डबे परत रंगांप्रमाणे. तुम्ही सुट्टी घेऊन बसून लावलेत, हे आईने नंतर सांगितलं. तुम्ही सॉरीसुद्धा म्हणाला नाहीत, बिस्किटंही आणली नाहीत, फक्त जसं होतं तसं करून निघून गेलात. आणि आता खरं सांगते, काळ्या ढिगात काळी पिन शोधताना माझे डोळे फुटतात. तुमची पद्धतच बरोबर आहे. पण ती मला माझी मला कळायला हवी होती, आणि तेवढा वेळ तुम्ही दिलात.

तर ट्रक. ठोकळ्यांच्या गाड्या करणाऱ्यांच्या आपल्या क्लबचं रविवारी प्रदर्शन होतं, त्यासाठी बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक करायचा ठरलं. मागे चाकांच्या दोन जोड्या, म्हणजे दोन अ‍ॅक्सल, दोन्ही एकाच मोटरवर फिरणारे. सगळ्यात मागचा अ‍ॅक्सल आणि केबिन माझी, त्याच्या पुढचा अ‍ॅक्सल, मोटर आणि हुक गुंडाळायची चरखी तुमची. मी माझ्या घरी केलं, तुम्ही तुमच्या. शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही भाग जोडले, बटण दाबलं, आणि ट्रक जागच्या जागी थरथरायला लागला. आतून गिअरची कटकट. आई चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, हे तर तुम्ही एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबता तसं झालं.

आपण उलटा करून बघितला. माझा अ‍ॅक्सल पुढे ढकलत होता, तुमचा मागे. चूक कुणाचीच नव्हती. दोन्ही आपापल्या जागी उत्तम फिरत होते, फक्त मधलं मोठं गिअर मी डावीकडे बसवलं होतं आणि तुम्ही उजवीकडे. दोघांपैकी एकाला बदलावं लागणार होतं. माझा अ‍ॅक्सल अगदी शेवटी, उघडा, चार पिना काढल्या की हातात आला असता. तुमचा मात्र मोटर आणि चरखीच्या खाली, पार पोटात. मी माझा काढायला हात घातला, तर तुम्ही ट्रक हळूच स्वतःकडे ओढून घेतलात आणि चरखी सोडवायला लागलात. मी म्हटलं, काका, वेडे आहात का, माझा दोन मिनिटांचा आहे. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "तुझा आधीपासून होता. नंतर आलेल्याने आपलं बघून घ्यायचं."

मी आईकडे बघितलं. ती रिकामे कप घेऊन आत निघून गेली, त्यातला एक तर अर्धा भरलेला होता. तुम्ही दुपारभर ते पोट उघडून बसलात.

रविवारी तो ट्रक कसा चालला, ते तुम्हीही बघितलंत. एका छोट्या मुलीच्या खेळण्यातली बंद पडलेली कार त्याने हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली आणि ती मुलगी शेजारून ट्रॅफिक हवालदारासारखी लोकांना बाजूला करत चालली. कुणी विचारलं, कुणी केला, तर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, ही चीफ, मी फक्त आतलं बघतो. तुम्हाला पुढे पुढे करता येत नाही, गाडीतही नाही आणि गाडीबाहेरही नाही. मला आधी वाटायचं, तो तुमचा वीकनेस आहे.

आता मुद्द्याचं. बाबा वेगळे झाले तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून या घरात आम्ही दोघीच आहोत, आणि मला भीती एकच होती, की तिसरं कुणी आलं की मलाच सरकून जागा करावी लागेल. काल आई भाजी चिरताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, की तुमच्या घरमालकाने विचारलंय, करार वाढवायचा का, आणि तुम्ही हो म्हणणार आहात. तिने कारण सांगितलं नाही. मला ते कळलं. माझ्या त्या एका 'बघू'साठी तुम्ही तुमचं सगळं परत उलटं फिरवून बसवायला निघालात, आणि कुणाला दिसूही देणार नव्हतात. काका, करार वाढवू नका. मी बघितलंय, आणि मला चालेल. चालेल काय, मला हवंय. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही, कारण ते तिला तुमच्याकडून कळायला हवं. पत्र वाचून झालं की पेशंटला जरा थांबायला सांगा आणि तिला फोन करा. सकाळी ती कुणाला तरी चढावर गाडी शिकवत असेल, लगेच उचलणार नाही. उचलेपर्यंत करत राहा.

तुमचीच,
चीफ