शेवटचे पंधरा हात

४ मार्च, मंगळवार
लेकीची पाठ? – कालच्यापेक्षा बरी, वाकताना अजून कण्हते. जावयांचा खोकला? – गेला. नात ठकी? – चार महिने पुरे झाले, सकाळी माझं बोट धरून थेट तोंडात. माझं पोट? – ठणठणीत. लेकीकडे परदेशात येऊन तीन आठवडे झाले, एकदाही बिघडलं नाही. कारण मी पाणी उकळून पितो. सगळे हसतात.

जावई म्हणाले, "बाबा, इथं अख्खं शहर नळाचं पाणी पितं. तुम्हीच तेवढे संशयी."
म्हटलं, जावईबापू, चाळीस वर्षं नळ जोडलेत. पाइपाच्या आत काय असतं ते मला विचारा.
"ते तिकडचे पाइप," लेक म्हणाली.
पाहुण्यानं बोलायचं तरी किती.

६ मार्च, गुरुवार
ठकीला वरचं दूध, पावडरीचं. त्यासाठी पहाटे पाचला उठून पाणी मीच उकळतो. वीस मिनिटं, चांगलं रटरट. तेवढीच लेकीला झोप. तिला एक वाईट खोड – गार पाणी येईपर्यंत नळ नुसता सोडून ठेवायचा. परवा रागावलो, "पाणी काय तुझ्या बापाचं आहे?" तर म्हणते, "बापानंच जोडलंय ना जन्मभर." हसू आलं. पण मी आल्यापासून पहिल्या थेंबापासून भरतो, वाया काही नाही.

९ मार्च, रविवार
हरलो. जावयांनी इथल्या पाण्याचा छापील अहवाल वाचून दाखवला. जंतू – नाहीत. पेला नळाखाली धरला आणि प्यायलो. गोड आहे की! उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होतो. ठकीचं मात्र उकळणारच.

११ मार्च, मंगळवार
जिन्याखालच्या कपाटात थेंब थेंब गळत होतं. जावई म्हणाले, प्लंबर बोलावू. म्हटलं, मग घरात काय भोपळा बसलाय? बॅटरी घेऊन आडवा शिरलो.

स्वयंपाकघराकडे जाणारा पाइप तांब्याचा, कोरा. पण रस्त्याकडून भिंतीतून येतो तो राखी, किंचित वाकडा. सांध्याला फुगवटा, बेडूक गिळलेल्या सापासारखा. खिशातली किल्ली काढून खरवडला. चांदीसारखा चमकला.

शिसं.

उमेदवारीत असे पाइप उपटले आहेत. उस्ताद सांगायचे, याला वास नाही, चव नाही, पोरांच्या डोक्यात जाऊन बसतं. उकळून जंतू मरतात, शिसं नाही. पाणी आटतं, ते तेवढंच उरतं. आणि रात्रभर पाइपात मुरलेलं पहिलं पाणी सगळ्यांत वाईट. लेक नळ सोडायची तेच बरोबर होतं. ते मी बंद केलं. अन् ते मुरलेलं पाणी आटवून ठकीला दिलं – रोज, स्वतःच्या हातानं.

१२ मार्च, बुधवार
सांगितलं. एका दमात, माझ्या उकळण्यासकट. लेक ठकीला घट्ट धरून उभी राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
जावई म्हणाले, "घर घेताना सगळं तपासलं होतं." मग स्वतः कपाटात शिरून किल्ली फिरवून आले. चेहरा उतरलेला. "कुणाकडे बोलू नका, बाबा. घराला बट्टा लागेल."
बाटलीबंद पाणी आणलं.

१४ मार्च, शुक्रवार
ठकीचं रक्त घेतलं. सुई एवढीशी, ती रडली एवढी मोठी.
लेकीनं फोन करून बोलावलेल्या पाणीखात्याच्या बाई दोन नमुने घेऊन गेल्या – एक पहाटेचा, एक नळ सोडून घेतलेला. त्यांचं म्हणणं लेकीनं समजावलं: शहराचं पाणी निर्दोषच. रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप घरमालकाचा. पंधरा हात असेल फार तर. परदेशात नळाचं पाणी चालतं का, हे सगळे देशाला विचारतात. घराला कोण विचारतो?

१६ मार्च, रविवार
बसवत नाही, उठवत नाही. तीनदा चहा केला, तीनदा गार झाला.
शेजारीण दारात भेटली. सातवा महिना असेल. तिच्या आमच्या घराची भिंत एकच; ओळीतली अकराही घरं एकाच साच्यातली. हातात नळावर भरलेली बाटली, फिरायला निघालेली. मला तिची भाषा येत नाही. तिनं हात हलवला, मीही हलवला. चोरासारखा आत आलो.
जावयांना म्हटलं, "तिला तरी सांगा."
"आधी आपलं पाहू, बाबा."
कुणाचं हे 'आपलं'? पण माझं तोंड मीच बंद करून ठेवलंय – कुठल्या तोंडानं शहाणपण शिकवू?

१७ मार्च, सोमवार
निकाल नाही. फोन वाजला की तिघंही उठतो.

१९ मार्च, बुधवार
पहाटेचं पाणी मर्यादेच्या सहापट. सोडलेलं – मर्यादेच्या आत.
ठकीचं रक्त: आकडा वर आहे, पण थोडाच. डॉक्टर म्हणाले, पाणी बदललंत, आता उतरेल, महिन्यानं पुन्हा पाहू. औषध नाही.
लेक म्हणाली, "बाबा, कपाटात तुम्ही शिरला नसतात तर कोण शिरलं असतं?" माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली.

२० मार्च, गुरुवार
जावयांनी सकाळी दहा चिठ्ठ्या लिहिल्या, एकेका घराला एक. आपल्या घराचा आकडाही घातला, ठकीचाही. पहिली शेजारणीच्या हातात दिली, बाकीच्या दारांतून आत सरकवल्या. निघण्याआधी मला मराठीत वाचून दाखवली. शेवटी काय लिहू, विचारलं. मी सांगितलं तसंच लिहिलं: पाइप किल्लीनं खरवडून पाहा. काय दिसलं ते लवकर लिहून कळवा. घरात लहान मूल असेल, तर आजच.