गिटारीच्या तारेला उलटा हात

लोणावळा, रंगपंचमी,
सन १९४१

सौ. रतनबाई यांस, मुक्काम उर्से.

धोंडाबाईचा आशीर्वाद. आमी हितं बरे आहोत, तुमची खुशाली कळवावी. तुझे मालक हौशीराम तुला हे वाचून दाखवत असतील तर त्यांना माझा रामराम सांग, आणि अक्षराला हसू नका म्हणावं. माझा रखमाजी लहानपणी पाटीवर गिरवायचा तेव्हा शेजारी बसून जेवढं आलं तेवढंच मला येतं. बाजारातल्या लिहिणाऱ्याकडे गेले असते, पण तो पैसे घेऊन लिहितो आणि फुकटात गावभर सांगतो.

तू पाट लावून उर्स्याला गेल्यापासून मी तुला लिहिलं न्हाई. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आताही फार न्हाई.

सुदुंबऱ्याचा दत्तोबा वारला. आपल्या भावकीतला, तोच, बांधावरून जन्मभर भांडला तो. मेला तोही आमचा शिमगा बुडवून. पोळी न्हाई, देवाला दिवा न्हाई, तुळशीला पाणी न्हाई. ज्याचं तोंड बघायला नको वाटायचं त्याचं सुतक पाळलं. तुला आता आमच्या सुतकाशी घेणं न्हाई, सुटलीस.

तुझा बजरंग बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जातो हे तुला कळलं असेल. बापासारखाच, रखमाजीसारखाच, वायरीत हात घालतो. मी नको म्हटलं होतं. आता घरीही एक काम आणलंय. फर्नांडिस म्हणून एक रेल्वेचा गार्ड आहे, त्याची विजेची गिटार. तंबोऱ्याची धाकटी बहीण समज, पण उभी धरत न्हाईत, मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी फिरवतात. तिच्यासोबत एक पेटी असते, आवाज त्या पेटीतून येतो. पेटीत काचेचे दिवे, आणि चालू केली की मांजरासारखी गुरगुरते. फर्नांडिसला तिचा आवाज पत्र्यासारखा वाटतो, जाड करून पाहिजे. त्यांच्या ईस्टरच्या नाचात वाजवायचीय. म्हणून बजरंग तिचं पोट उघडून आतला एक कंडेन्सर, म्हणजे वीज धरून ठेवणारी डबी, काढून दुसरा बसवतोय. लढाईमुळं नवा मिळत न्हाई, मेलेल्या रेडिओतला काढलाय.

त्याच्या हाताला जरासं भाजलंय. चुलीवर. काळजीचं न्हाई, तू यायचं कारण न्हाई.

एक सहज विचारते. रखमाजीला आणला तेव्हा तू त्याच्या उशाशी होतीस, मी नव्हते, मला आत येऊ दिलं नव्हतं. त्याचा तळहात कसा झाला होता? कडा पांढऱ्या होत्या का काळ्या? आठवत असेल तर कळव.

धोंडाबाई


लोणावळा, फाल्गुन वद्य दशमी

सौ. रतनबाईस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. चुलीनं भाजलं तर कुणी मेलेल्या माणसाचा तळहात विचारत न्हाई, असं लिहिलंस. खरं आहे. तू शहाणी आहेस. घरात होतीस तेव्हा मी हे बोलले न्हाई, सुनेला असलं सांगायचं नसतं.

आता सगळं लिहिते. हौशीरामांनी दमानं वाचावं, मधे थांबू नये. आधीच सांगते, पोरगा जिवंत आहे.

त्या पेटीतून करंट झिरपतो. फर्नांडिसला ठाऊक होतं, वाजवताना त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या, त्याला वाटायचं विजेचं वाद्य असंच असतं. बजरंग म्हणाला, "आजे, ही गळती आहे. हिला जमिनीत वाट करून दिली की झालं." जमीन सारखी ओली पाहिजे. मग त्यानं पेटीची एक वायर नेऊन तुळशीच्या मातीत पुरली. का, तर म्हणे, "ह्या घरात दुसरं काही चुकंल, तुझं तुळशीला पाणी घालणं चुकायचं न्हाई." मलाही बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं.

आणि मग दत्तोबा मेला.

मी पाणी बंद केलं. सुतकात तुळशीला हात लावत न्हाईत, तुलाही माहीत आहे, तू ह्याच घरात शिकलीस. शेजारची मेहमुदा म्हणाली होती, "मावशी, तुमाला चालत न्हाई तर मी ओतते तांब्याभर." मी म्हटलं, राहू दे, तुळस काही मरत न्हाई. शिमग्याचं ऊन. वृंदावनातली माती भाकरीच्या तुकड्यासारखी सुटली. मी ते रोज बघत होते. वायर माझ्या डोळ्यांपुढं होती. पण पाणी तुळशीचं, वायर बजरंगची, ही दोन्ही एक आहेत हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. त्याच्याही आलं न्हाई, हे मी त्याला बजावून सांगितलं.

शिमग्याच्या दिवशी सकाळी मी भुई सारवली होती, अजून ओली होती. तो अनवाणी बसला, गिटार मांडीवर, कांडी डाव्या मुठीत. शेजारी चाँदभाईच्या दुकानातून लाईन घेतलीय, बटण तिकडं. त्यानं हाक मारली, तिकडून बटण दाबलं. पेटी गुरगुरली. मी चुलीपाशी होते. पुढचा आवाज यायचा तो आला न्हाई म्हणून मी मान वळवली.

रतन, तो ओरडला न्हाई. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. मूठ कांडीवर वळलेली, सुटत नव्हती. डोळे माझ्याकडं.

रखमाजी कसा गेला ते आपल्या दोघींना माहीत आहे. खंडाळ्याच्या बंगल्यात वायरीला चिकटलेल्या दुसऱ्याला सोडवायला गेला, हातानं धरलं आणि दोघे गेले. मी हातानं धरलं न्हाई. कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. एकदा घातलं, सुटला न्हाई. दुसऱ्यांदा जोर लावून घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला आला. मग कांडी सुटली.

तर भाजलंय ते थोडं, तळहातावर मधोमध. मोडलंय ते मी. कुरवंड्याचा हाडवैद्य आला, बांबूच्या पट्ट्या लावून बांधलं. त्यानं विचारलं, कशावर आपटला? मी म्हटलं, आजीवर. पुन्हा तसं झालं तर पुन्हा घालीन, मला त्याचं वाईट वाटत न्हाई. वाईट वाटतं ते त्या कोरड्या मातीचं.

आता ऐक, पत्र लिहायचं खरं कारण. मला वाटलं होतं, सुटलो ह्यातून. पण काल तो म्हणतो, "आजे, हात बांधलाय तो डावा. कथलाचा डाग द्यायला उजवा पुरे. तू गिटार धर." एका हातानं राहिलेलं काम करून पुन्हा पेटी चालू करायची म्हणतोय. फर्नांडिस येऊन गेला, संत्री घेऊन. मी म्हटलं, घेऊन जा तुमचं भूत. तो बिचारा उचलायला वाकला तर बजरंग बोलला, "अर्धं उघडून परत दिलं तर मला कोण कारागीर म्हणंल?" आणि बापासारखा हसला. रखमाजी असाच हसून घरातून गेला होता.

मला झोप न्हाई. दिवसा भांडं पडलं तरी मी मुसळाकडं बघते. त्यानं नुसती बोटं मोडली तरी उठून त्याला बघून येते. मी एवढी म्हातारी झाले, साप मारले, प्लेगात एकटी माळावर राहिले, पण हे दिसत न्हाई, वास येत न्हाई, आणि माणसाचं उभ्या उभ्या लाकूड होतं. ह्याच्याशी कसं भांडायचं?

माझं तो ऐकत न्हाई. तुझं ऐकेल. तू सोडून गेलीस म्हणूनच ऐकेल, पोरं अशीच असतात. तू एक ओळ लिही, हे काम सोड म्हणून. आण घाल. उशीर करू नको.

धोंडाबाई


लोणावळा, चैत्र शुद्ध चतुर्थी

रतन,

तुझी ओळ पोचली. "माझी आण आहे, वायरीला पुन्हा हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी मागितलं तसंच लिहिलंस. पोस्टमननं माझ्या हातात दिली, बजरंग परसात होता.

आधी परसात काय चाललं होतं ते सांगते.

वायर त्यानं तुळशीतून काढली. मोरीच्या पाण्याचा खड्डा आहे, आमच्या आणि मेहमुदाच्या दोन्ही घरांचं पाणी जातं तो, तिथं चाँदभाईकडून पहार ठोकून घेतली आणि वायर तिला बांधली. म्हणतो, "देवाच्या पाण्यावर सोडायचं न्हाई आजे, खरकट्या पाण्यावर सोडायचं. मोरीला सुतक नसतं." मेहमुदा हसून हसून पाटावर बसली. मला हसू आलं न्हाई.

मग मला कोरड्या पाटावर उभं केलं. पेटी बंद असताना मी गिटार धरली आणि त्यानं उजव्या हातानं आत डाग दिला, धूर झाला, कंडेन्सर बसला. माझ्या हातात गिटार एवढी हलत होती की तो म्हणाला, "आजे, डोंगर हलतोय का काय?" गिटार खाली ठेवून मी मुसळ घेतलं. त्यानं हाक मारली. दुकानात चाँदभाईनं बटण दाबलं.

रतन, मी त्याचा हात बघत होते, तोंड न्हाई. तो गिटारीला शिवला न्हाई. एका दिव्याला दोन वायरी लावल्या होत्या, एक पहारीला टेकवली, एक गिटारीच्या तारेला. करंट झिरपत असता तर दिवा पेटला असता, पेटला न्हाई. तरी शिवला न्हाई. पेटीपाशी जाऊन बघून आला, पहारीची गाठ ओढून बघून आला. पुन्हा दिवा लावून बघितला. मग हात पुढं केला तो उलटा. तळहात न्हाई, पाठ. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "झटका बसला तर मूठ आत वळते. तळहात लावला तर धरून बसतो, पाठ लावली तर हात आपणच मागं येतो." बोटांची पाठ तारेपाशी नेली, आणि तिथं थांबला. तेव्हा मी वर बघितलं, कपाळावर घाम आला होता. तोंड पांढरं झालं होतं. तो भ्याला होता, रतन. मग टेकवला. काही झालं न्हाई.

आवाजाचं विचारशील तर आधी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होता, आता म्हशीच्या गळ्यातून यावा तसा आहे. त्याला तोच पाहिजे होता. एका हातानं नुसती एक तार छेडली आणि संपेस्तोवर ऐकत बसला. मग स्वतःच चाँदभाईला हाक मारली, बंद करा म्हणून.

तेवढ्यात पोस्टमन आला. मी तुझी ओळ वाचली, दोनदा वाचली, आणि चुलीत घातली.

तू रागावशील. रागाव. मी मागितली आणि मीच जाळली, हे बरोबर न्हाई ते मला कळतं. पण आण घातली असती तर त्यानं आपल्यासमोर सोडलं असतं आणि चोरून केलं असतं, घाईघाईनं, दिवा न लावता. रखमाजीला वायरीनं न्हाई मारलं. त्याला भीती ठाऊक नव्हती, त्यानं मारलं. ह्याला आता ठाऊक झालीय. ती मुसळानं शिकवली का करंटानं, ते देवाला माहीत, पण हातात उतरलीय, मी डोळ्यांनी बघितली. ती त्याच्याकडून काढून घ्यायची न्हाई.

माझी स्वतःची भीती गेलेली न्हाई. ती आता जाईल असं वाटत न्हाई. हे लिहितानासुद्धा आत पेटी गुरगुरतेय, आणि मी एका कानानं ऐकतेय.

पुढंमागं काही वाईट झालं तर तू त्याला बोल लावू नको, हौशीरामांसमोर रडू नको. सरळ हितं ये आणि मला काय म्हणायचं ते म्हण. मी घरातच असेन, दार लावणार न्हाई.

तुझी सासू,
धोंडाबाई